राखणीचा चहा

घाट बंद होता. हे सांगायला नाक्यावर पाटी नव्हती, चांगू होता. आडव्या बांबूमागे गोणपाटाची खोळ डोक्यावर घेऊन तो उभा होता आणि पावसाकडे अशा नजरेनं बघत होता, जणू पाऊसही त्याला न विचारता हद्दीत घुसला होता.

"वर दरड आलीय," तो म्हणाला. "माणूस पायी जाईल. पलीकडनं महाबळेश्वरची एष्टी गावते. गाडी नाय जायाची."

"मग गाडी कुठे ठेवू?" सयाजीनं काच खाली करून विचारलं.

"ते मला काय ठावं."

"इथेच राहू दे रात्रभर. तुम्ही आहात ना."

"गाडी अडवायची माझी ड्युटी. राखायची नाय."

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं आणि माणसं पुन्हा मोकळेपणानं आपापल्या कामाच्या मर्यादा सांगू लागली होती.

पोलादपूर सोडून आंबेनळी घाटाला लागलं की हा नाका. अलीकडे कुलाबा जिल्हा, कारण रायगड हे नाव तेव्हा फक्त किल्ल्याला होतं, पलीकडे सातारा. सयाजी महाडकडच्या मोठ्या घरातला. त्याला आईवडील नव्हते, मालोजीराव नावाचे काका होते. काकांना मूल नव्हतं, काळी अँबॅसडर होती. दोघांना त्यांनी सारख्याच मायेनं वाढवलं होतं. फक्त गाडीवर ते ओरडत नसत.

आज सयाजी निघाला होता वाईकडे, स्वतःच्याच लग्नाची बोलणी करायला. काकांच्या गुडघ्यांना दरड ओलांडणं झेपणारं नव्हतं, म्हणून नवऱ्या मुलालाच निरोप्या केलं होतं.

"वर बौद्धवाडीत जा," चांगूला अखेर दया आली. "रामजीच्या अंगणात लावा. तिथं कातळ हाय. दरड येत नाय."

बौद्धवाडी कातळावर का होती, याचं उत्तर सोपं होतं. जुन्या काळी गावानं माती स्वतःकडे ठेवली आणि खडक यांना दिला. आता दर पावसाळ्यात माती खाली यायची आणि खडक जागेवर राहायचा. त्यामुळे मोठ्या घरच्या गाड्या तिथे रात्रीपुरत्या वस्तीला यायच्या. माणसं यायची नाहीत.

अंगणात एक मुलगी छत्री घेऊन बाहेर आली. साडीचा काठ चिखलानं जड झालेला.

"मागे घ्या... अजून... आता डावीकडे. डावीकडे म्हटलं की डावीकडेच."

गाडी थांबली. सयाजीनं डोकं बाहेर काढलं. "तुम्ही शाळेत बाई आहात का?"

"कशावरून?"

"भीती वाटली."

ती हसली नाही. पण तो उतरला तेव्हा छत्री किंचित त्याच्याकडे कलली, आणि त्याचा एक खांदा कोरडा राहिला. पुढे कितीतरी दिवस त्याला त्या खांद्याचं काहीतरी निराळंच वाटत राहिलं.

तिचं नाव नीला. खालच्या शाळेत शिकवायची. पडवीतून तिनं फुटक्या जात्याचं अर्धं आणलं आणि मागच्या चाकाखाली सारलं.

"हा दगड मी लावलाय. मीच काढणार. मधे कुणी हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा."

"गाडी माझी आहे." मग प्रामाणिकपणा आठवून तो म्हणाला, "म्हणजे... काकांची."

"मग तर अजिबात नाही."

दुसऱ्या दिवशी तो दरड ओलांडून परत आला, तेव्हा गाडीखाली कोंबड्या बसल्या होत्या. नीलाचे वडील रामजी ओट्यावर होते. त्यांची उभी हयात मुंबईच्या गोदीत दुसऱ्यांचा माल राखण्यात गेली होती, आणि निवृत्त झाल्यावरही दुसऱ्यांचा माल त्यांना शोधत येत होता.

"बसा. चहा पिऊनच जायचं," ते म्हणाले. "इथली रीत हाय. ज्याची गाडी राखली त्यानं राखणाऱ्याच्या घरी चहा प्यायचा. प्याला म्हणजे गाडी जशीच्या तशी मिळाली, तक्रार नाय. न पिता गेला तर खाली नाक्यावर समजून जातात, गाडीतनं काय तरी गेलंय."

सयाजीनं बशीकडे पाहिलं. आपल्या घरातलं कुणी या वाडीत कधी पाणीही प्यालेलं नाही, हे त्याला त्या क्षणी आठवलं. मग त्याला आठवलं की तो भिजलाय. तो चहा प्याला. आलं घातलेला, गवती चहाच्या वासाचा. घरच्यापेक्षा बरा होता, आणि ही बातमी घरी सांगता येण्यासारखी नव्हती.

"मुलगी कशी आहे?" दारातून नीलानं विचारलं. तो कशाला गेला होता ते चांगूनं एव्हाना वाडीभर केलं होतं.

"नीट दिसली नाही. मान खाली होती."

"तिची की तुमची?"

त्याला ठसका लागला. रामजींनी गंभीरपणे त्याच्या पाठीवर थाप मारली.

त्या पावसाळ्यात दरड उपसली जायची, वाट मोकळी व्हायची, आणि दरड पुन्हा यायची. बोलणीही तशीच. आधी पत्रिका, मग मानपान, मग पलीकडच्या आत्याबाईंचा रुसवा. प्रत्येक वेळी सयाजी स्वतःचं लग्न एक पाऊल पुढे नेऊन यायचा आणि येताना या अंगणात दोन पावलं मागे पडायचा.

एकदा परत आला तर गाडीच्या समोरच्या काचेपाशी सोनचाफ्याचं फूल होतं.

"गाडीत बसला होतात?"

"पाणी गळतंय का बघत होते."

"कुठे बसलात?"

"मागे."

"पुढे बसायचं होतं."

"पुढे तुम्ही असता."

"मी तर नव्हतो."

"नसलात तरी असता," ती म्हणाली, आणि लगेच कोंबड्यांना हाकलायला गेली. कोंबड्या कुणाच्या अध्यातमध्यात नव्हत्या.

गाडी कुठे राहते हे काकांनी विचारलं की सयाजी सांगायचा, "नाक्यावर." ते खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. सयाजीचं बरंचसं आयुष्य अशाच जागेवर उभं होतं.

श्रावण उलटता उलटता तो नीलाला म्हणाला, "या खेपेनंतर काकांना सांगतो."

"काय?"

"गाडी कुठे राहते ते."

"एवढंच?"

"तिथून सुरुवात करतो. मग... बाकीचं."

नीला दगडाशी वाकली होती. तिनं वर पाहिलं नाही. "बाकीचं सांगाल तेव्हा सांगाल. पण आम्हाला अर्ध्यात नका सोडू. आम्ही इथेच असतो, नाक्यासमोर. सगळ्यांना दिसतो."

तो "नाही सोडणार" म्हणाला. मनापासून म्हणाला. मनापासून बोलण्यात त्याला कधीच अडचण नव्हती. चारचौघांत बोलायची वेळ आली की व्हायची.

पुढच्या खेपेला सुपारी फोडायची होती, म्हणून काका स्वतः आले. नाक्यावर चांगूनं खुर्चीला बांबू बांधून चार माणसं उभी केली होती. मालोजीराव त्या खुर्चीत बसून दरडीकडे रवाना झाले, आणि सयाजी नेहमीसारखा गाडी वर लावून त्यांच्यामागे गेला. सुपारी मात्र फुटली नाही. आत्याबाई पुन्हा रुसल्या. परत येताना धुकं इतकं होतं की नाका आवाजावरून ओळखावा लागला. काकांनी विचारलं, "गाडी कुठाय?" सयाजीनं तोंड उघडायच्या आत चांगूनं बोट वर केलं. सरकारी माणूस कधी तत्पर होईल सांगता येत नाही.

काका काठी टेकत अंगणात आले. उघड्या दारातून त्यांना बुद्धाची तसबीर दिसली. मग चाकाखालचं जातं दिसलं. मग पुतण्याचा चेहरा दिसला, आणि त्यावर त्यांना सगळ्यात जास्त वाचता आलं.

नीला दोन कपबशा घेऊन बाहेर आली.

"नको," काका सौम्यपणे म्हणाले. "उशीर झालाय."

"साहेब, रीत हाय इथली," रामजी म्हणाले. "चहा न घेता गाडी नेली तर लोक आम्हाला चोर म्हनतील. तुम्ही नका घेऊ. पोरानं घेतला तरी चालंल. नेहमी घेतो तो."

"नेहमी," काका म्हणाले. मग पुतण्याकडे वळून त्याच सौम्य आवाजात, "घेतोस का रे, सयाजी?"

तोवर धुकं विरळ झालं होतं. खाली नाक्यावर एक टेम्पो आणि एक जीप थांबली होती. त्यांतली माणसं वर बघत होती. नीलाच्या हातातला कप जराही हलला नाही. त्यातून वाफ निघत होती, आणि ती वाफ विरून जाईपर्यंत सयाजी खालच्या जीपकडे बघत होता.

"मी... मघाशी घेतला," तो म्हणाला. "पलीकडे. एष्टीच्या थांब्यावर."

नीला कपबशा आत ठेवून आली. तिनं गाडीची डिकी उघडली आणि शाळेत हजेरी घ्यावी तशी मोठ्यानं म्हणू लागली. "स्टेपनी. जॅक. टॉमी. पाना. छत्री."

"काही गरज नाही," काका म्हणाले.

"गरज आहे. खाली ऐकतायत." तिनं डिकी बंद केली, वाकून दगड काढला आणि बाजूला झाली. गाडी गेली. काचेपाशी वाळलेला चाफा होता. तो काकांनी वाटेत कुठेतरी बाहेर टाकला.

दुसऱ्याच दिवशी टेम्पोवाल्यानं चांगूला विचारलं, "त्या अँबॅसडरमधनं काय गेलं म्हणायचं?" चांगू म्हणाला, "मला काय ठावं." हे त्याचं नेहमीचंच उत्तर होतं, पण त्या दिवशी संशयाला ते पुरेसं झालं. पुढच्या दरडीला रामजींचं अंगण रिकामं राहिलं. लोकांनी गाड्या कड्याखाली लावल्या. एकीवर दगड पडला, तरी लावल्या.

आणि मग एका दुपारी सयाजी एष्टीनं आला. एकटाच, एका पिशवीनिशी.

"काकांना सगळं सांगितलं," ओट्याखाली उभं राहून तो म्हणाला.

"कधी?" नीलानं विचारलं.

"परवा. वाईची बोलणी मी मोडली. गाडी त्यांनी ठेवून घेतली. मला... नाही ठेवलं. महाडला एका छापखान्यात काम बघितलंय."

पागोळ्या दोघांच्या मधे पडत राहिल्या.

"नीला, चहा मिळेल?"

"चहा गाडी राखली तर असतो."

"राखली होतीत. तो राहिलाय."

बराच वेळ ती आत होती. मग कपबशी आली. त्यानं ती तिथे तोंडाला लावली नाही. ती घेऊन तो पावसात उतरला आणि कातळावरून जपून पावलं टाकत नाक्यावर गेला. एष्टीतली माणसं, जीपवाले, चांगू, सगळ्यांसमोर उभा राहून प्याला. तोवर चहात निम्मा पाऊस झाला होता.

"रामजींकडचा आहे," तो म्हणाला. बोलताना आवाज फाटला, पण ऐकू गेला. "गाडीतून काही गेलं नव्हतं. मी खोटं बोललो होतो."

"मला कशाला सांगता," चांगू म्हणाला. मग बिडी विझवून जीपवाल्याकडे वळला. "ऐकलंस ना रे? का पुन्हा सांगू?"

सयाजी रिकामी कपबशी घेऊन वर आला. नीला ओट्यावरच उभी होती.

"प्यालात?"

"प्यालो."

"म्हणजे तुमची काही तक्रार नाही."

"नाही."

"माझी आहे," ती म्हणाली. कपबशी घेतली आणि आत गेली.

वारा सुटला होता. दार आपटलं, उघडलं, पुन्हा आपटलं. सयाजी पागोळ्यांच्या अलीकडे यावं की पलीकडे जावं हे न कळून तिथेच भिजत राहिला. रामजींनी त्याच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि पानाला चुना लावायला घेतला.

मग नीला बाहेर आली. त्याच्याकडे न बघता तिनं अंगणातलं अर्धं जातं उचललं, दारापाशी नेलं आणि वाऱ्यानं दार लागू नये असं ते दाराला टेकवून ठेवलं.