शैलाताईंचा वैताग

माणूस जातो, पण त्याचा आवाज अमर राहतो, अशी त्या काळी सर्वांची ठाम श्रद्धा होती. अट एवढीच, की मूळ फाइल पुसायची नाही.

अविनाश खरमाटे यांनी ती पुसली होती. सगळी नोकरी जिल्हा परिषदेत झालेली; कागद पुढे गेला की टेबल मोकळं करायचं, ही हाडीमाशी मुरलेली सवय. पत्नीच्या शोकसभेसाठी स्लाइड्स त्यांनी स्वतः केल्या. शेवटच्या स्लाइडवर शैलाताईंचा फोटो आणि खाली स्पीकरचं चिन्ह. ते दाबलं की तिचा व्हॉइस मेसेज वाजणार होता : "अहो, गॅस बंद केलात का? केला म्हणू नका, जाऊन बघा!" चिन्ह दिसलं म्हणजे आवाज आत गेला, असं समजून त्यांनी मूळ मेसेज पुसून टाकला. पुसला म्हणजे सगळीकडून पुसला गेला. त्या बाबतीत यंत्रं फार आज्ञाधारक झाली होती.

कऱ्हाडच्या त्यांच्या सोसायटीचं सभागृह भरलं होतं. अविनाशरावांनी चिन्ह दाबलं. शैलाताई बोलल्या, "अविनाश, तुमच्या सोबतीनं माझं जीवन कृतार्थ झालं."

सभागृहभर रुमाल निघाले. अविनाशराव तेवढे कोरडे उभे होते. उखाण्याखेरीज तिनं त्यांचं नाव कधी घेतलं नव्हतं. आणि 'कृतार्थ' हा शब्द ती फक्त तिच्या शाळेतल्या निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांसाठी वापरत असे.

"भाऊजी, काय गोड बोलली हो ताई!" मेहुणी कुंदा डोळे पुसत म्हणाली. "आम्हाला कधी ऐकवलं नाहीत ते."

"मीही आत्ताच ऐकलं."

लोक चहाकडे वळले, तेव्हा त्यांची मुलगी मुक्ता लॅपटॉप घेऊन बसली.

"बाबा, तुम्ही आवाज स्लाइडमध्ये गुंफलाच नव्हता. फाइल कुठं आहे, एवढा नुसता पत्ता दिलात. पत्त्यावर काही सापडलं नाही, म्हणून यानं स्वरपूर्ती केली."

"म्हणजे?"

"रिकामी जागा भरली. फोटो पाहिला, वरचं 'श्रद्धांजली' वाचलं आणि आईच्या आवाजात प्रसंगाला शोभेलसं काहीतरी रचलं."

"न विचारता?"

"विचारलं होतं. तुम्ही 'होय' दाबलंत."

काहीही विचारलं की 'होय' दाबायचं, हे त्यांना मुक्तानंच शिकवलं होतं.

"मूळ मेसेज कुठाय, बाबा? मी तर तो ऐकलाही नाही."

"पुसला मी," ते म्हणाले. मुक्तानं तोंड फिरवलं. मग नाक पुसून ती म्हणाली, "शब्द आठवतात ना? तेच म्हणवून घेऊ."

त्यांनी शब्द सांगितले. यंत्रातल्या शैलाताईंनी गॅसची चौकशी केली, पण बक्षीस समारंभात पाहुण्यांचं स्वागत करावं तशी.

"असं नाही गं. जरा वैतागून."

पडद्यावर अक्षरं उमटली : 'या व्यक्तीच्या वैतागाचे नमुने उपलब्ध नाहीत.'

मुक्तानं यंत्राकडच्या आवाजांच्या नमुन्यांची यादी उघडली. शाळेतली निरोपाची भाषणं, वाढदिवसाच्या शुभेच्छा, एक हळदीकुंकू. "आईचा ओरडा कोण कशाला रेकॉर्ड करेल?" ती म्हणाली. घरात ज्याचा कधी तुटवडा पडला नाही, ते कोणीच जपून ठेवलं नव्हतं.

'नमुना देऊ इच्छिता?' यंत्रानं विचारलं.

अविनाशराव माइकवर वाकले आणि बायकोसारखं ओरडायला गेले. "अहो, गॅस बंद केलात का? केला म्हणू नका, जाऊन…" पुढे आवाज फुटला. "…बघा."

'नमुना मिळाला. धन्यवाद.'

आणि शैलाताई ओरडल्या. अगदी तशाच.

"आईच!" मुक्ता तोंडावर हात ठेवून म्हणाली.

त्यांनी पुन्हा लावून ऐकलं. आवाज तिचाच होता. पण 'जाऊन'नंतर तो फुटत होता, त्यांचा फुटला तसाच. ते डोळे मिटून खरी शैला आठवायला लागले. आठवणीतली शैलाही तिथंच थांबली, हुंदका गिळून 'बघा' म्हणाली. आधी ती कशी म्हणायची? आता हे कोणाला विचारायचं?

दारात पाळणा घेऊन काही माणसं खोळंबली होती. सहानंतर सभागृह बारशाला दिलेलं होतं आणि त्यांना पडदा हवा होता.