केसरीनाथला सगळं ऐकू येत होतं

कमळ केसरीनाथला आधी ऐकू आली, दिसली नंतर.

पहाटे राहनाळच्या घरात जमिनीवर झोपलेल्या केसरीनाथला मण्यार चावली. भिवंडीच्या दवाखान्यात आणेपर्यंत त्याच्या पापण्या मिटल्या, जीभ जड झाली, मग श्वासही थांबला. डॉक्टरांनी घशात नळी घातली, सुई टोचली. आई, सीताबाई, हंबरडा फोडून म्हणाली, माझा पोर गेला.

केसरीनाथला ओरडून सांगायचं होतं — मी हाय गं. पण बोटसुद्धा हलेना.

"गेलेले नाहीत, मावशी," एक तरुण आवाज म्हणाला. "मेंदू शाबूत आहे. तो हुकूम सोडतोय, नसही तो नेतेय. पण नस संपते अन् स्नायू सुरू होतो, तिथं विषानं वाट अडवलीय. बाहेरचं मेंदूकडे नेणाऱ्या नसा मात्र चालू आहेत. आपलं सगळं ऐकतायत ते."

ही नर्स कमळ. श्वास देणारं यंत्र तिथं नव्हतं, म्हणून ती न् दुसऱ्या नर्सेस आळीपाळीनं रबरी फुगा दाबत राहिल्या. बाकीच्या गप्प असत. कमळ बोलत असे. आपल्या कामतघरच्या चाळीत कापडाच्या लूमच्या खडखडाटामुळे कुजबुजसुद्धा ओरडून करतात, हे तिनंच सांगितलं. डोळा तपासायला अंगठ्यानं त्याची पापणी उचलली तेव्हा गालातल्या गालात हसत म्हणाली, "बघून घ्या... बडबड करणारी ती मीच."

सावळा चेहरा, कपाळावर घामानं चिकटलेली बट. पापणी पुन्हा मिटली, पण केसरीनाथ बघतच राहिला.

एकदा ती सहज म्हणाली, रविवारी मानकोलीहून पाहुणे येतायत, मला बघायला. त्या दिवशी त्यानं सगळा जीव एकवटला, पण नखही हललं नाही.

मग हळूहळू भुवई हलली, बोटं वळली, श्वास स्वतःचा झाला. नळी काढल्यावर कमळनं बजावलं, आज बोलायचं नाही. त्यानं ऐकलं नाही.

"मानकोलीवाल्यांना..." आवाज पार घोगरा होता, "...न्हाय सांगा."

कमळनं नजर वळवून चादर नीट केली. ती आधीच नीट होती.

"रविवार होऊन गेला. ते आले होते. मी घरी गेलेच नाही."

"ड्युटी... होती?"

"सुट्टी होती," ती म्हणाली, आणि या वेळी तिनं नजर वळवली नाही. "आता गप्प पडा. बरे झालात की मावशींना घेऊन कामतघरला या."