सातवी टिकली

चहा ओता, आणि तो दिवा राहू द्या. हसताय काय? याच खोलीत मी बावीस वर्षं स्कॅनचं यंत्र चालवलंय. जोलदोश माझा मित्र होता, म्हणून सांगतोय.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तो चौथ्या मजल्यावर, वॉर्डात गेला तो फक्त टिकल्या मोजायला. मेंदूचं ऑपरेशन कुठून कसं करायचं, त्याचा नकाशा तो स्कॅनवरून बनवायचा. आधी रुग्णाच्या डोक्यावर सात गोल टिकल्या चिकटवायच्या आणि भोवती निळ्या पेनानं कडं काढायचं. टिकल्यांवर आकडे मी घालायचो. ऑपरेशनच्या वेळी यंत्र त्यांच्यावरूनच डोकं आणि नकाशा जुळवतं. एखादी निघाली, की स्कॅन पुन्हा!

ती रुग्ण म्हणजे बुरुल अपा; आईच्या वयाची, म्हणून सगळे अपा म्हणायचे. नारिनच्या डोंगरातली, सत्तरीची. गाठ बोलण्याच्या जागेला खेटून. आल्या दिवशीच जोलदोशला म्हणाली होती, "पाय गेला तरी चालेल रे पोरा, बोलणं तेवढं राहू दे. बडबडीशिवाय म्हातारीकडे असतं काय?"

त्या संध्याकाळी तिनं तळहात पुढे केला. त्यात सातवी टिकली. नमाजाआधी डोक्यावरून ओला हात फिरवला, वर रुमाल घट्ट बांधला. डाव्या कानामागची टिकली सुटली, कडंही पुसलं.

"माझंच चुकलं. डॉक्टरांना सांगशील ना?"

"सकाळी सांगतो, अपा. निवांत झोपा."

नाही सांगितलं! पुन्हा स्कॅन म्हणजे ऑपरेशन पुढे, वर मोठ्या डॉक्टरसाहेबांची बोलणी. गाढवानं अंदाजानं टिकली चिकटवली आणि नवं कडं काढलं.

अपा वाचली. शब्द मात्र एकही उरला नाही. चौकशीत जोलदोश म्हणाला, "सातही जागेवर होत्या." मी त्याच्या शब्दावर साक्षीची सही केली. अपा समोर खुर्चीत होती. सगळं ऐकलं तिनं. मग त्याच्याकडे बघत तळहात पुढे केला. आम्हाला वाटलं, भाकरी मागतेय. ऑक्टोबरात गेली बिचारी.

"मग पुढे काय झालं, बाइके?"

मध्ये बोलू नकोस. बाइके म्हणतोस ना, मग थोरल्या भावाचं ऐक. अकरा नोव्हेंबर. रात्री एक वाजून चाळीस मिनिटं. जोलदोश इथे एकटाच, एका तरुण मुलाचा नकाशा करत होता. पडद्यावर सहा ठिपके जुळले. सातवा सरकला. त्यानं जागेवर आणला. पुन्हा सरकला... डाव्या कानामागे.

त्यानं पडदा बंद केला. काळ्या काचेत स्वतःचा चेहरा. आणि खांद्यामागे... रुमाल बांधलेलं डोकं.

"अपा?"

...

"सांगतो, अपा. सकाळी सांगतो..."

...

खांद्यावरून हात पुढे आला. ओला. तळहात उघडा.

रिकामा.

सकाळी सहाला मी आलो, तर हा याच खुर्चीत बसून होता. सगळं खरं ओकला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. अरे, माझीसुद्धा फसवणूक केलीस? म्हटलं, "ऊठ. साहेबांकडे चल."

दारापर्यंत आला. बाहेर उजाडलं होतं. मग म्हणतो, "जाऊ दे ना यार. म्हातारी गेली. आता बोलणार कोण?"

आणि वळला.

डाव्या कानामागे निळं कडं होतं. शाई अजून ओली. आत टिकली, आणि तिच्यावर माझ्या हातचा सात.

मी नखानं ओढून पाहिली. निघाली नाही.

साहेबांकडे मी एकटाच गेलो. जोलदोश आता हमामात अंघोळ करतानासुद्धा टोपी काढत नाही.