मोटारीचा टाक

भालचंद्रराव वकील त्या सोमवारी अंबडच्या सराफ्यात गेले, ते एक टाक घडवून घ्यायला. यात नवल काहीच नव्हतं. पहिली बायको वारली आणि माणसानं दुसरी केली, की दुसरीच्या गळ्यात पहिलीचा चांदीचा टाक घालायचा, ही आपल्याकडची रीत. बोटाच्या पेराएवढा पत्रा, त्यावर बाईची आकृती. घरात नवं लुगडं आलं की आधी टाकाला दाखवायचं, मग स्वतः नेसायचं. म्हणजे गेलेली बाई रुसत नाही. वकिलांच्या शरयूबाईंच्या गळ्यात तसा टाक होताच, पहिल्या विमलबाईंचा. जगन्नाथ सोनाराच्या बापानंच तो घडवला होता.

"झिजला का वकीलसाहेब?" जगन्नाथनं विचारलं.

"तो न्हाई. दुसरा करायचाय. मोटारीचा."

जगन्नाथनं हातातली फुंकणी खाली ठेवली.

आता हे मोटारीचं काय प्रकरण, ते सांगायलाच पाहिजे. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधी भालचंद्ररावांनी हैदराबादच्या एका इंजिनेराकडून आपली पहिली मोटार घेतली. उघडी, कापडी टपाची, रबरी फुग्याच्या भोंग्याची. भोंगा जरा फाटका, म्हणून वाजून झाला की शेवटी शिंकायचा. हाकायला बिरू होता, अंतरवालीकडचा धनगर. मेंढरं भावाच्या हवाली करून आला आणि आठ दिवसांत मोटारीची नस न् नस ओळखून बसला. तिचं डाव्या अंगाचं मागचं दार तेवढं आडमुठं. आतून उघडायचंच नाही. मोटार थांबली की बिरू खाली उतरायचा, दाराला खालून गुडघ्याचा एक दणका द्यायचा, दार धरून उभा राहायचा आणि म्हणायचा, "उतरा, मालक." दहा वर्षं हे असंच चाललं. शरयूबाई मोटारीला सवत म्हणत. "आज सवतीला न्हाऊ घातलंत वाटतं?" असं त्यांनी विचारलं, की वकील खुशीत हसायचे आणि हातातलं फडकं पिळायचे.

लढाई संपली आणि नवी मोटार आली. बंद, काळी, बटण दाबलं की चालू होणारी. जुनी त्यांनी बिरूला देऊन टाकली. वाटूरहून परतूर स्टेशनापर्यंत सवाऱ्या नेईन म्हणाला. जाताना त्यानं तिच्या टपावर हात ठेवला.

"मालक, आता ही हाय तवर मी हाय. हिच्यावरच लेकरं जगायची माझी."

"जप तिला," एवढंच वकील म्हणाले.  नव्या मोटारीत बसले की त्यांचा हात सवयीनं जुन्या भोंग्याचा फुगा शोधायचा. तो काही तिथं नसायचा, आणि मग त्यांना फार वाईट वाटायचं.

महिनाभर बरं गेलं. मग एका दुपारी ते एकटेच जालन्याहून येत होते. मोटार हाकायला बिरूनंच त्यांना जुनीवर शिकवलं होतं. ऊन असं, की रस्त्यावर चिटपाखरू नाही. दोन्ही अंगांना वेचणीला आलेला कापूस, हालचाल म्हणून नाही. आणि मागून भोंगा वाजला. पोंऽ... पोंऽ... आणि शेवटी शिंक.

त्यांनी मोटार कडेला घेतली. येऊ दे पुढं, म्हणाले. मागं वळून पाहिलं तर रस्ता अर्ध्या कोसापर्यंत रिकामा. पण त्यांच्या बाजूनं फुफाटा उठला, काहीतरी शेजारून निघून जावं तसा, आणि पुढच्या वळणापर्यंत तो उठत उठत गेला. मोटारीच्या बंद काचांच्या आत वास यायला लागला. ओल्या घोंगडीचा, विडीचा, पेट्रोलचा. पुढं ओढा होता. जुन्या मोटारीला तिथं पाणी पाजायचे. नवी मोटार त्या ओढ्यापाशी आपोआप थांबली, आणि डाव्या अंगाच्या मागच्या दाराला बाहेरून, खालच्या बाजूला, एक दणका बसला. गुडघ्याचा.

बाहेर कुणी नव्हतं.

पंधरा दिवसांत हे तीनदा झालं. तिन्ही वेळा दुपारी, तिन्ही वेळा ओढ्यापाशी. तिसऱ्या वेळी वकील मोटार तिथंच सोडून दीड कोस पायी घरी आले. शरयूबाई गहू निवडत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"कोण असतं मागं?"

"कुणीच न्हाई. तेच तर..."

शरयूबाईंचा सुपातला हात थांबला नाही. "नवी आणलीत, पहिलीला विचारलंत का? मी पंधरा वर्षं विमलबाईंना गळ्यात घालून वावरतेय. आधी पातळ त्यांना, मग मला. तेवढं केलं की गप असतात बिचाऱ्या. करा तुमच्या सवतीचाबी एक टाक!"

त्या बोलल्या थट्टेनंच. पण वकिलांच्या डोक्यात ते पक्कं बसलं. माणूस एकदा घाबरला की कायदा बियदा काही शिल्लक राहत नाही. म्हणून ते सोमवारी जगन्नाथसमोर बसले होते.

"मोटारीचा करून देतो की," जगन्नाथ म्हणाला. "ठसा न्हाई माझ्यापाशी, पण हातानं कोरतो. फक्त एक सांगा, गेली ती नक्की? जित्याचा टाक आमी करत न्हाई. माझ्या बापानं लोक परत धाडलेत ह्या पायरीवरून."

 भालचंद्ररावांना खरं सांगायला हरकत काय होती? मोटार ठणठणीत होती, वाटूरच्या रस्त्यावर धावत होती, चार लेकरांचं पोट भरत होती. पण तेच तर त्यांना सोसत नव्हतं. दहा वर्षं आपली असलेली गाडी आता कुणाकुणाच्या गाठोड्यांसकट स्टेशनाला जाते, आणि बिरू उतरून दार दुसऱ्याच कुणासाठी उघडतो. मेली असती तर एकदाचं रडून मोकळं होता आलं असतं.

"गेली," ते म्हणाले. "मोडून भंगारात दिली."

खोट्याचं खरं करण्यात हयात गेलेली. आवाज तसूभर हलला नाही.

"आत माणूस काढू का एखादा?"

"नको. नुसती मोटार. रिकामी."

जगन्नाथनं चार चाकं कोरली, टप कोरला, भोंग्याचा एवढासा फुगासुद्धा कोरला. दारं दोन बारीक रेघांची, बंद. वकिलांनी पत्रा उजेडात धरून पाहिला आणि त्यांना भरून आलं. हुबेहूब तीच होती.

निजामाचा अंमल, म्हणून शुक्रवारी कोर्टाला सुट्टी. देवाचा नैवेद्य झाला आणि बरोबर बारा वाजता शरयूबाईंनी टाकाला हळदकुंकू वाहिलं. नवी मोटार त्याला दाखवली, लुगडं दाखवतात तशीच, आणि लाल दोऱ्यात ओवून टाक आत हाकायच्या चाकासमोरच्या खिळ्याला बांधला. वकिलांनी हात जोडले. "तू गेलीस. आता हिला सुखानं चालू दे." एवढंच ते म्हणाले, मोठ्यानं म्हणाले.

आणि खरंच, मोटार चालली! वास नाही, भोंगा नाही. ओढा आला आणि मागं पडला, दणका नाही. वकिलांना इतकं हलकं वाटलं, की त्यांनी तशीच मोटार वाटूरकडं काढली. म्हटलं, बिरूला नवी दाखवू. आणि जुनीलाही एकदा बघून येऊ. खरं तर तिलाच बघायचं होतं.

वाटूरच्या फाट्यावर पोहोचायला त्यांना चार वाजले. लिंबाखाली जुनी मोटार उभी होती. तिचा टप त्यांनी लांबूनच ओळखला. आजूबाजूला पाचसहा माणसं बसलेली. मोटारीच्या पायरीला टेकून बिरूची बायको आशाबाई बसली होती. डोळे कोरडे.

"आशाबाई, बिरू कुठाय?"

तिनं वर पाहिलं. 

"नेला. घरी नेऊन ठिवलाय." ती म्हणाली, "बाराची येळ व्हती, मालक. सवाऱ्या बशेल व्हत्या. लेकरायचा बाप हँडल माराया वाकला, अन् तसाच सरळ उभा राह्यला. म्हणला, मालक बलावून राह्यले, दार उघडून येतो. म्या म्हणलं, मालक कुठं हायेत इथं... मागल्या दाराकडं दोन पावलं गेल्ता. तिथंच पडला."

कुणीतरी खाकरलं. एक म्हातारा म्हणाला, तेव्हापासून मोटारही चालू होत नाही. चार जणांनी हँडल मारून पाहिलं. आतून हूं का चूं नाही.

"तुमी आल्ते का हो मालक?" आशाबाईनं विचारलं. "बाराला? इथं?"

"न्हाई," भालचंद्रराव म्हणाले. ह्या वेळी आवाज हलला.

जितीचा टाक केला. जितीला 'गेलीस' म्हटलं. ती असेपर्यंत आपण आहोत, असं बिरू आपल्या तोंडानं सांगून गेला होता, आणि ते आपण आपल्या कानांनी ऐकलं होतं. वकिलांना दुसरं काही सुचेना. तो टाक आधी सोडायचा, वितळवून टाकायचा, अजून काही होत असेल तर... ते जवळजवळ पळतच नव्या मोटारीत येऊन बसले, दार लावलं, काचा लावल्या.

कलतं ऊन समोरून टाकावर पडलं होतं. चारी चाकं तशीच होती. टप तसाच, भोंगा तसाच. डाव्या अंगाचं मागचं दार मात्र उघडं होतं. आणि दाराशी तिळाएवढा एक माणूस, डोक्याला फेटा, एका हातानं दार धरून उभा.

वकिलांनी अंगठ्यानं घासून पाहिलं. डाग नव्हता तो. कोरीव काम होतं, जगन्नाथच्याच छिन्नीचं असावं तसं स्वच्छ. चांदीतली मोटार अजून रिकामीच होती.

त्यांनी दोरा सोडायला हात वर केला. काचा बंद होत्या तरी घोंगडीचा वास आला. नवी मोटार होती ती, तिची सगळी दारं मुकाट उघडतात. त्यांच्या पाठीमागचं, डाव्या अंगाचं दार मात्र खालून गुडघ्याचा दणका खाऊन उघडलं.