मागे सरकलेली सीट

तिने आयुष्यात पहिल्यांदा चालवलेली गाडी तिची नव्हती. तशी ती कुणा एकाची नव्हतीच. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी म्हणजे तेच की... कुणीही यावं, बसावं, गिअरचा जीव काढावा आणि निघून जावं. पांढरा रंग, टपावर शिकाऊची लाल पाटी, आणि हॉर्न असा, की वाजवणाराच आधी दचकावा. आज तिच्याकडे स्वतःची चांगली ऐसपैस व्हॅन आहे. पण पहिल्या गाडीचा विषय निघाला की ती अजूनही गालातल्या गालात हसते, आणि लगेच तिच्या कपाळावर एक बारीकशी आठी उमटते. हसू त्याच्यासाठी असतं. आठी त्या दुसरीसाठी.

पण आधी पहिली भेट.

त्या दिवशी ती टॅक्सीत मागे बसली होती, मांडीवर दोन मजली केक घेऊन. ती आणि तिची वहिनी घरी केक करून विकायच्या. भाजायचं काम वहिनीचं, सजवायचं हिचं. केक कुणाच्या तरी वाढदिवसाला पोचवायचा होता. चौकात पुढची पांढरी गाडी आचके देत बंद पडली, टॅक्सीवाल्याने करकचून ब्रेक मारला, आणि केकचा वरचा मजला थेट तिच्या कुशीत आला.

ती तशीच खाली उतरली. बाहीला क्रीम, हाताला क्रीम. पांढऱ्या गाडीतून एक तरुण उतरत होता. स्टिअरिंगवर बसलेल्या आजोबांनी मात्र डोळे गच्च मिटून घेतले होते.

"रस्ता काय तुम्हाला आंदण दिलाय?" ती कडाडली. "अशी चालवतात गाडी?"

"मी चालवत नाही. मी शिकवतो."

"दिसतंय ना काय शिकवता ते!"

त्याने केककडे पाहिलं, मग तिच्याकडे. खिशातून रुमाल काढून पुढे केला.

"नाकावर आहे," तो इतक्या गंभीरपणे म्हणाला, की तिच्या रागाची हवाच गेली. "चूक आमची आहे, केकचे पैसे भरून देतो. पण एक सांगू? असली वस्तू दुसऱ्याच्या भरवशावर नेऊ नये. तुम्ही स्वतःच का नाही चालवत?"

"येत नाही म्हणून!"

"मग या की. रोज सकाळी असतो मी."

घरी वहिनीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "केक मोडून गिऱ्हाईक पटवणारा हा पहिलाच." दादा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाला, "हिला सायकल धड येत नाही." तेवढ्यावर तिने दुसऱ्याच दिवशी नाव घातलं.

ती बुटकी. सीट पार पुढे ओढायची, पाठीला उशी लावायची, तेव्हा कुठे पाय क्लचला पोचायचे. तो शेजारी बसायचा. त्याच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक होता, शिकवणाऱ्याचा.

"घाबरू नका मॅडम," पहिल्या दिवशी तो म्हणाला. "तुम्ही चुकलात तर मी आहे."

हे तो प्रत्येकालाच म्हणत असणार, एवढं तिला कळत होतं. तरी ते वाक्य ती घरी घेऊन गेली.

आणि मग सकाळी लवकर उठायचा तिला कंटाळाच येईना. कधी भुरभुर पाऊस असायचा. काचा आतून धुरकटायच्या आणि तो हात लांबवून, तिला धक्का लागणार नाही असा बेताने, तिच्यापुढची काच पुसून द्यायचा. बाहीला इस्त्रीचा वास यायचा. वायपरची कुरकुर, ओल्या रस्त्याची सळसळ... आणि तिला रिव्हर्स गिअर कधीच सापडायचा नाही.

"किती हट्टी आहे हा!" ती वैतागायची.

"हट्टी नाही. त्याला जोर दाखवलेला आवडत नाही." तिच्या हातावर हात ठेवून त्याने एकदा गिअर टाकून दाखवला, आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "असा... असा पडतो."

"परत दाखवा ना."

"आता तुम्ही टाका," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. तिने ते नीट पाहून ठेवलं.

सगळं असं छान चाललेलं असताना एके दिवशी ती गाडीत बसली आणि तिचे पाय अधांतरीच राहिले. सीट पार मागे गेली होती. आरशात रस्त्याऐवजी टप दिसत होता. आणि आत सगळीकडे कसला तरी मंद, महागडा सुवास.

"कोण बसलं होतं इथं?"

"नवीन मॅडम आहेत, तुमच्या आधीच्या वेळेला. दातांच्या डॉक्टर. उंच आहेत जरा."

जरा! सीट मागच्या सीटला जाऊन टेकली होती. तिने ती कचकन पुढे ओढली, आरसा फिरवला, आपल्या बाजूची काच खाली केली आणि पाऊस आत येत होता तरी वर केली नाही.

मग हे रोजचंच झालं. रोज सीट मागे, रोज आरसा वर, रोज तो सुवास. आपण घर आवरून जावं आणि कुणीतरी येऊन सगळं हलवून ठेवावं, तसं तिला व्हायचं. एकदा तर सीटच्या फटीत केसांची पिन सापडली. तिने ती दोन बोटांच्या चिमटीत धरून त्याच्यापुढे केली. "तुमच्या डॉक्टरीणबाईंची ठेव."

"माझ्या?" तो हसला. ते हसू तिला अजिबात आवडलं नाही.

"वहिनी, ती जिराफ आहे, जिराफ!" घरी येऊन तिने क्रीम इतकं घोटलं, की त्याचं लोणी व्हायची वेळ आली.

"तुला राग नक्की कुणाचा आलाय? तिचा, त्याचा, की सीटचा?"

"सीटचा."

"बरं," वहिनी म्हणाली, आणि भांडं तिच्या हातातून काढून घेतलं.

राग सीटचा असता तर बरं होतं. एकदा ती मुद्दाम लवकर गेली आणि कोपऱ्यावरच्या झाडाखाली उभी राहिली. पांढरी गाडी आली. ती उंच डॉक्टरीण मोकळेपणी हसत होती आणि हा बोलत होता. नुसता बोलत नव्हता, पुढे झुकून, हातवारे करून, जीव तोडून बोलत होता! आणि हिच्याबरोबर? अलीकडे तो पाय मागे घेऊन, सीटला रेलून खिडकीबाहेर बघत बसायचा. कधीकधी काहीतरी गुणगुणायचा. आपल्याशी बोलायला या माणसाकडे काहीच नाही... आपण याच्या प्रेमात पडलोय हे तिला त्या झाडाखाली उभं असताना कळलं, आणि नेमकं त्याच वेळी कळावं याचा संताप आला.

त्या दिवशी तिचं लक्ष थाऱ्यावर नव्हतं. क्लच सुटला, गाडी आचका देऊन बंद पडली. तो चटकन सरसावून बसला, पाय पुढे घेतले आणि तिच्याकडे पाहून हळू आवाजात म्हणाला, "काही नाही. पुन्हा करू. सावकाश..."

किती दिवसांनी त्याने असं पाहिलं होतं! दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा बंद पडली. तिसऱ्या दिवशीही. त्यानंतर मात्र तिला ती बंद पाडायची चटकच लागली. चढावर, वळणावर, सिग्नलला, जिथे जमेल तिथे. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून कावून जायच्या. तो मात्र कधीच चिडला नाही. जवळ सरकायचा, म्हणायचा, "सावकाश..."

आणि एके सकाळी त्याने सहज सांगितलं, "डॉक्टर मॅडमची उद्या परीक्षा आहे. लायसन्सची."

"तिची?" ती उसळली. "ती माझ्या मागून आली होती!"

"हो, पण त्या तयार झाल्यात."

"आणि मी?"

तो समोरच्या रस्त्याकडे बघत राहिला. "तुमचं... थोडं थांबू. क्लचवर अजून काम हवंय."

लाडकी विद्यार्थिनी पुढे, आणि हिचं घोडं मागच्या मागे! त्या दिवशी तिने गाडी एकदाही बंद पाडली नाही, आणि त्याच्याशी एक शब्दही बोलली नाही.

दोन दिवसांनी दुपारी दाराची बेल वाजली. दारात ती डॉक्टरीण! चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकून आत आली.

"केक तुमच्याकडे चांगला मिळतो, सर सांगत होते. मला लायसन्स मिळालं ना! सरांना द्यायचाय. वर एक छोटी गाडी करा आणि 'थँक यू सर' लिहा. तुम्ही उद्या शिकायला जाल तेव्हा नेऊन द्याल का? मला सकाळी पेशंट आहेत." मग तिने विश्वासाने विचारलं, "त्यांना काय आवडतं हो? कॉफी की चॉकलेट?"

"चॉकलेट," ती म्हणाली. तो कॉफीवर जीव टाकतो हे तिला पक्कं ठाऊक होतं.

बाई बोलायला गोड होती. दिसायला देखणी होती. पैसे देतानाही घासाघीस केली नाही. थोडी तरी वाईट असती तर किती बरं झालं असतं!

पण केक म्हणजे केक. त्यात ती हयगय करेना. इवलीशी गाडी केली, चाकं केली, टपावर लाल पाटीसुद्धा केली. 'सर' मात्र दोनदा पुसून पुन्हा लिहिलं, तेवढंच.

"मीठ नाही ना घातलंस?" वहिनीने विचारलं.

"वहिनी!"

"विचारलं आपलं," वहिनी म्हणाली आणि खोक्याला फीत बांधून दिली.

सकाळी तिने खोका मागच्या सीटवर ठेवला. "तुमच्या लाडक्या डॉक्टरांकडून. पोचवायचं काम माझ्याकडे." आणि गाडी सुरू केली.

रागाने तिच्या डोळ्यांत पाणी येत होतं. पण मागे केक होता, तिने स्वतःच्या हाताने केलेला. पाय आपोआप सांभाळून पडू लागले. क्लच अलगद सुटत होता, गिअर लोण्यासारखे पडत होते. खड्डा आला, तिने गाडी तान्ह्या बाळासारखी त्यातून काढली. चढ आला, वळण आलं, सिग्नल आला. खोका जागचा हलला नाही.

"गाडी बाजूला घ्या," तो अचानक म्हणाला.

तिने झाडांच्या रांगेखाली गाडी थांबवली.

"आज एकदाही बंद पडली नाही."

"केक होता ना मागे."

"आणि रोज नसतो, म्हणून रोज पडते?"

त्याने आपल्या पायाकडे बोट दाखवलं. "हे पेडल बघा. तुमच्या पेडलला जोडलेलं आहे. तुम्ही तिकडे पाय ठेवलात की इकडे माझ्या पायाखाली हलतं. क्लच तुमच्या पायातून निसटायचा नाही, तुम्ही सोडायचात. पहिल्यांदा खरंच सुटला. नंतरचे सगळे... मला कळत होतं."

तिला वाटलं, सीटखाली शिरावं.

"कळत होतं तर बोलला का नाहीत?" ती कशीबशी म्हणाली. "तिच्याशी तर किती बोलायचात! हातवारे करून!"

"बोलणार नाही तर काय? त्या ब्रेकच्या जागी ॲक्सिलरेटर दाबायच्या! 'ब्रेक मॅडम, ब्रेक!' म्हणून माझा घसा बसायचा आणि त्या हसायच्या. सकाळी त्यांची शिकवणी झाली की मी वाट बघायचो... तुमची. तुम्ही इतकं छान चालवायला लागला होतात, की तुमच्या शेजारी मला पाय मागे घेऊन बसता यायचं. दिवसभरात तेवढाच वेळ मला भीती वाटायची नाही."

पानांवरून दोन थेंब काचेवर टपटपले. तिने वायपर लावला नाही.

"मग परीक्षेला तिला का पाठवलंत? मला का नाही?"

त्याचे कान पुन्हा लाल झाले होते.

"परीक्षा झाली की माणूस परत येत नाही," तो म्हणाला. "त्या गेल्या, बरं झालं. तुम्ही गेला असतात तर... गाडीचे मालक माझे मामा आहेत. ते रोज विचारतात, त्या केकवाल्या मुलीला अजून का पाठवत नाहीस? मी सांगतो, तिचा क्लच कच्चा आहे."

"म्हणजे तुम्ही मला मुद्दाम अडकवून ठेवलंत?"

"हो."

"आणि मी इकडे झुरून झुरून अर्धी झाले!"

"कशापायी?"

"कशापायी म्हणे! रोज मी ती सीट कचकन पुढे ओढायचे, तेव्हा तुम्हाला काहीच वाटत नव्हतं?" तिचा आवाज चिरकला. "मला तुम्ही आवडता, कळत नाही का? पायातलं सगळं कळतं, मग तोंडावरचं कसं कळत नाही?"

तो बघतच राहिला. मग इतकं मोकळं हसला, की तिला डॉक्टरणीचं हसू पार विसरायला झालं.

"कळत होतं," तो म्हणाला. "पण तोंडावरचं खरं धरायची हिंमत होत नव्हती." त्याने मागे वळून खोक्याला हात घातला. "थांबा, तोंड गोड करू."

"खबरदार!" तिने त्याच्या हातावर फटका मारला. "तो मामांना द्या. तिने दिलेल्या केकचा एक घास तुमच्या तोंडात गेलेला मला चालणार नाही. तुम्हाला मी दुसरा करीन. कॉफीचा."

"त्यावर काय लिहिणार? थँक यू सर?"

"सर नाही लिहिणार," ती म्हणाली आणि गाडी सुरू केली.

ड्रायव्हिंग स्कूलकडचं वळण आलं. तिने ते सोडलं आणि गाडी सरळ पुढे घेतली.

"अहो, कुठे निघालात?"

"घरी. वहिनीला दाखवायचंय."

"काय, गाडी?"

"गाडी तिने पाहिलीय."