मागच्या बाकावरची आजी

बसा रे, पण गाडीत नको, इकडे टपरीच्या उजेडात या. रोहा स्टँडवरचा आपला जगन, जो अंधार पडला की आपली मिनिडोर रिक्षा घरी नेऊन उभी करतो आणि ज्याला तुम्ही टोळकं मिळून भित्री भागूबाई म्हणता, त्याची गोष्ट सांगतो. आधी ऐका, मग हवं तर चिडवा.

तेवीस डिसेंबर दोन हजार सतरा, शनिवार. अमावास्या वगैरे काही नव्हती. नाताळची सुट्टी लागलेली आणि रेवदंड्याला पाहुण्यांची झुंबड. आता रोहा बघायला रोह्याला कोणी येत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. माणूस इथे उतरतो, चहा पितो, संडास कुठे आहे ते विचारतो आणि गाडी बदलून पुढे किल्ला बघायला जातो. त्या गाडी बदलण्यावरच आपलं पोट आहे, तेव्हा तक्रार कशाला करायची?

रेवदंड्याच्या विमलबाई घरी पाहुणे ठेवतात. त्यांचा संध्याकाळी जगनला फोन आला. "रातच्या गाडीनं पावनं येतायत रे. स्पेशल घेऊन ये."

किती माणसं ते त्यांनी सांगितलं नाही, जगननेही विचारलं नाही. स्पेशल म्हणजे अख्खी सहा सीटची गाडी त्यांचीच, दोन काय नि पाच काय. अडचण वेगळीच होती. बायको पिंकी बहिणीच्या बाळंतपणाला नागोठण्याला गेलेली, घरात पाच वर्षांची किमया एकटी. ती बापाचा शर्ट सोडेना. शेवटी जगनने तिला स्वेटर घातला आणि पुढे आपल्या शेजारी बसवली.

रेल्वे पाऊण तास लेट आली. नऊ चाळीसला डोंबिवलीचं जोडपं स्टेशनाबाहेर आलं, आदेश आणि प्रतीक्षा. चाकाची मोठी बॅग ओढत आणि एकमेकांवर वैतागत. त्यांच्या मागून एक म्हातारी, डोक्यावरून पदर, पाठीत वाकलेली. जगन टपावर बॅग बांधेपर्यंत तिघंही चढली. जोडपं एका बाकावर, म्हातारी समोरच्या बाकावर. ह्यांची आजी असेल, असं जगनला वाटलं. आजीशी हे दोघं एक शब्द बोलत नाहीत, हेही त्याला दिसलं. शहरातली माणसं, म्हातारीला फिरायला आणली हेच खूप, असं म्हणून त्याने किक मारली.

चणेऱ्याच्या पुढे रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. किमया पेंगायला लागली. जगन एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने पोर धरून चालवत होता. पाठीमागून आवाज आला.

"पोर पडंल. दे हिकडं."

जगनने गाडी थांबवली. किमयाला उचललं, मागे गेला आणि म्हातारीच्या मांडीवर ठेवली. म्हातारीने पदर पोरीवर ओढला. जगनला बरं वाटलं. माझ्या पोरीला कधी आजीची मांडी मिळाली नाही, एवढंच त्याच्या मनात आलं. जोडप्याने अर्धवट डोळे उघडून बघितलं आणि एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून पुन्हा झोपलं.

थोड्या वेळाने चिखलाचा वास येऊ लागला. ओहोटीला खाडीचा येतो तसा. म्हातारी काहीतरी गुणगुणत होती. शब्द कळत नव्हते. मग गुणगुणणं थांबलं.

रेवदंड्याच्या खाडीवरचा साळावचा पूल आला. मध्यावर समोरून ट्रक. जगनने गाडी कडेला घेतली. मिनिटभर. ट्रक गेला आणि त्याने पुन्हा गिअर टाकला.

गाडी हलकी लागली.

ड्रायव्हरला ते कळतं. जगनलाही कळलं. पण पुढे उतार होता, त्याने मनाची समजूत घातली.

विमलबाई बॅटरी घेऊन दारातच उभ्या होत्या. आदेश उतरला, प्रतीक्षा उतरली. जगन बॅग सोडता सोडता म्हणाला, "सायेब, आजीला हात द्या जरा."

"कोणती आजी?"

"तुमची... मागं बसलेल्या."

"त्या आमच्या कुठे? आम्हाला वाटलं, तुम्ही आणखी एक सीट घेतलीत." आदेश थांबला. "नंतर मुलगी त्यांच्या मांडीवर दिलीत, तेव्हा वाटलं तुमच्याच आई असतील..."



विमलबाईंनी बॅटरी आत मारली. बाक रिकामा. म्हातारी नाही. पोरही नाही.

स्पेशलमध्येसुद्धा एखादी सीट कोंबायची आपली खोड पाहुण्यांना पाठ झाली आहे, म्हणून ते गप्प बसले. आणि ह्या बापाने आपल्या हातांनी पोर नेऊन दिली. कोणी हिसकावली असती तर बोंब तरी मारता आली असती.

आदेश न सांगता गाडीत चढला. भला माणूस. दोघं उलटे फिरले. अकरा वाजून दहा मिनिटं. पुलाच्या मध्यावर दिव्याच्या उजेडात लाल स्वेटर दिसला.

किमया कठड्यावर बसली होती. पाय पाण्याच्या बाजूला.

जगनने इंजिन बंद केलं. हाक मारावी, तर पोर दचकेल. गाडी जवळ न्यावी, तर दचकेल. त्याने चपला काढल्या. एक पाऊल... दुसरं... खाली पाणी काळं. पोर हलत नव्हती. तोंडाने कोणाशी तरी हळूहळू बोलत होती.

तीन हात उरले. दोन.

पोरीने खाली वाकून बघितलं.

जगनने झेप घेतली आणि तिला कमरेतून मागे ओढली. दोघंही रस्त्यावर पडली. त्याचं कोपर सोलवटलं, त्याला पत्ताही नाही. बाप हमसून हमसून रडला. पोर शांत.

"बाबा, तू का आलास? आजी खाली बोलवत व्हती."

"काय बोलली आजी?"

किमयाने पुन्हा पाण्याकडे बघितलं. "तू दिसलास तवा बोलली, आता जा बाबाकडं. मोठी झालीस की न्हेते तुला."

विमलबाईंनी पोरीला घरात घेतलं, अंगावर गोधडी घातली, दूध पाजायला बसल्या आणि त्यांचा हात थबकला. "जगन, ही बांगडी कुनी घातली रे पोरीला?"

उजव्या हातात एकच बांगडी. हिरवी काच, जाड, जुन्या घडणीची. मोठ्या बाईमाणसाची. त्या एवढ्याशा मनगटावर ती कोपरापर्यंत वर जायची, पण पंजावरून खाली यायची नाही. साबण लावला, तेल लावलं. पंजाहून दुप्पट मोठी बांगडी, पण अंगठ्याच्या मुळाशी आली की अडायची. दुसऱ्या दिवशी पिंकी आली. तिने पोरीचा हात पाट्यावर ठेवून बांगडीवर वरवंटा घातला. काचेला चरा नाही, मनगट मात्र आठ दिवस सुजलेलं. त्यानंतर पिंकीने नवऱ्याला एकदाच विचारलं, "तू दिलीस कशी रे?" त्या दिवसापासून जगनची मिनिडोर अंधार पडायच्या आत घरी.

पोर आता आठवीत आहे. हुशार आहे, खो-खो खेळते. पुलावरचं तिला काही आठवत नाही. तिची आई रात्री तिचं ते मनगट आपल्या मुठीत धरून झोपते.

दर दिवाळीला जगन बांगडी आणि मनगट यांच्यामध्ये आपली बोटं घालून बघतो. पहिल्या वर्षी चार बोटं जायची. मग तीन. गेल्या वर्षी एक.

औंदा करंगळीसुद्धा अडकली.