दोन तोंडांचा रेडिएटर

"हा बरा की हा?" कुणीतरी विचारलं, आणि तिनं मान वर केली. तिथेच सगळा घोटाळा झाला. मान खाली ठेवली असती, तर काउंटरवरचे दोन्ही रेडिएटर तिनं नीट पाहिले असते.

गाड्यांच्या सुट्या भागांचं ते दुकान. नव्या रबराचा नि तेलाचा वास भरून राहिलेला. विचारणारा वायपरची रबरं घ्यायला आला होता, रबरं हातात पडूनही बराच वेळ झाला होता, पण पठ्ठ्या जागचा हलत नव्हता.

"दिवसभर हेच विचारतो मी लोकांना. ही काच बरी की ही? कोपऱ्यावर चष्म्यांचं दुकान आहे माझं."

"इथे चष्मा नकोय मला. रेडिएटर हवाय."

"ऐकलं ना, म्हणून तर बोलतोय. तुमची लाल रस्त्यात पाहिलीय, माझी निळी… गाडी तीच. दोन दारांची."

तो हसला. हसताना त्याचा स्वतःचाच चष्मा नाकावरून घसरला आणि त्यानं तो मनगटानं वर ढकलला. तिला उगाचच गंमत वाटली.

काउंटरवर एक रेडिएटर होता सडपातळ, साधा, खाली दोन जादा तोंडं असलेला. दुसरा जाडजूड, सगळा अॅल्युमिनियमचा, आरशासारखा चकचकीत. दुकानदारानं विचारलं, "ताई, गाडी गिअरची की ऑटोमॅटिक?"

तिनं तोंड उघडण्याआधीच चष्मेवाला म्हणाला, "स्पोर्ट्‌स कार कुणी ऑटोमॅटिक घेतं का हो? त्यापेक्षा पाळण्यात बसावं."

आता, तिची गाडी ऑटोमॅटिकच होती. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून "क्लच दाबा… सोडा… हळू सोडा हो" असं घसा बसेपर्यंत सांगायची. क्लच या शब्दाचाच तिला वीट आला होता. स्वतःच्या गाडीत तरी डावा पाय निवांत असावा, एवढीच तिची इच्छा. पण हे सगळं त्याला सांगायला जीभ रेटेना. ड्रायव्हिंग शिकवणारी बाई पाळण्यात बसते, असं वाटेल त्याला…

"गिअरचीच," ती म्हणाली.

"मग हा जाडा घ्या. मी हाच बसवलाय. भर उन्हात काटा हलत नाही." वर त्यानं आपलं कार्डही दिलं. "काही अडलं, तर फोन करा. नाही अडलं… तरी करा."

ती गाणं गुणगुणत मामाच्या गॅरेजमध्ये पोचली. मामा तिचा सख्खा मामा, आणि गाड्यांच्या बाबतीत फार तिखट माणूस. त्यानं खोकं उघडलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"तुला बजावून सांगितलं होतं ना, ऑटोमॅटिकचा आण म्हणून? त्या गाडीत गिअरबॉक्सचं तेलसुद्धा रेडिएटरमध्ये गार होतं. त्या दोन नळ्या मी आता कुठे जोडू, तुझ्या कानांना?"

तिचं तोंड एवढंसं झालं. दुकानात फोन केला, तर सडपातळ रेडिएटर तेवढ्यात विकला गेला होता. दुसरा यायला महिना तरी लागेल म्हणे.

आणि महिना कुणाकडे होता? जुना रेडिएटर आतून फुटला होता. पाणी गिअरबॉक्समध्ये शिरलं असेल, तर गाडी भंगारातच जायची. बाबांनी सोमवारी गिऱ्हाईक बोलावलं होतं. "रविवारपर्यंत स्वतःच्या चाकांवर दारात आली, तर मी एक शब्द बोलणार नाही. नाहीतर द्यायची," असं त्यांचं म्हणणं, आणि तिनं ते कबूल केलं होतं. आज शनिवार. दिवसभर दुसऱ्याच्या शेजारी बसणाऱ्या त्या मुलीच्या आयुष्यात स्टिअरिंग तिच्या हातात असायचं, अशी ती गाडी एवढीच एक जागा. ती टायरांच्या चळतीवर बसली आणि चक्क रडली. मग डोळे पुसून तिनं कार्डावरचा नंबर फिरवला.

निळी गाडी लगेच आली. तो उतरला, तिचे डोळे बघून गडबडला.

"माझी गाडी ऑटोमॅटिक आहे," तिनं एका दमात सांगून टाकलं. "तुम्ही हसाल म्हणून खोटं बोलले. आणि आता गाडी जातेय माझी."

त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला.

"मग माझंही ऐका. मी माझ्या गाडीचं बॉनेट आजवर उघडलेलं नाही. जुनी घेतली, तशीच चालवतोय. रेडिएटरमधलं मला ओ की ठो कळत नाही. गप्प बसलो असतो, तर तुम्ही निघून गेला असता… म्हणून बोलत सुटलो."

तिला त्याचा राग यायला हवा होता. आलाही, पण टिकेना.

"तुमचं झालं असेल," मामा म्हणाला, "तर साहेबांनी काय बसवलंय ते बघू तरी."

बॉनेट उघडलं. मामा वाकला, आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"अगं, इकडे ये."

आत सडपातळ रेडिएटर होता. खाली दोन तोंडं, दोन्ही बूच मारून बंद केलेली.

"आधीच्या मालकानं मिळाला तो बसवलेला दिसतोय," मामा म्हणाला. "ऑटोमॅटिकचा रेडिएटर या गाडीला चालतो. गिअरचा मात्र त्या गाडीला चालत नाही."

"काढा," चष्मेवाला म्हणाला.

"अहो, पण तुमची गाडी?"

"मला तुमचा तो जाडा बसवा. तसंही मी तो कधीचा बसवलाय असं सांगून बसलोय. एवढं तरी खरं होऊ दे."

मग संध्याकाळपर्यंत तिघं राबली. चष्मेवाल्यानं टॉर्च धरला, चुकीचा पाना दिला, मामाच्या शिव्या खाल्ल्या आणि कोपरापर्यंत काळा झाला. एकदा दोघांनी एकाच वेळी एकच नळी धरली… आणि मग ती सोडायची कुणी, यातच थोडा वेळ गेला. मामानं मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

रविवारी सकाळी चष्मेवाला पुन्हा हजर झाला, पुन्हा हात काळे करून घेतले, आणि नवं तेल भरून झालं. "पाणी आत शिरलं असेल, तर तिसऱ्या गिअरला गाडी घसरेल," मामा म्हणाला. "मी नाही येत. मला बघवणार नाही. यांना ने."

ती निघाली. शेजारी तो, मुठी आवळून. पहिला गिअर आपोआप पडला. दुसरा पडला. तिनं श्वास रोखून पाय थोडा आणखी दाबला… आणि तिसरा इतका अलगद पडला की तिला आधी कळलंच नाही. वेगाच्या काट्यावर नजर गेली, तेव्हा कळलं.

तिनं गाडी कडेला घेतली. छातीवरचं ओझं उतरलं होतं. ती हसत होती, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं.

"तुमच्याकडे गाडी शिकायला येऊ का?" तो हळूच म्हणाला.

"येते ना तुम्हाला?"

"येते. पण दुसरं निमित्त सुचत नाहीये. तुम्ही मला आवडता. यात मात्र काही खोटं नाही."

"मलाही तुम्ही आवडलात," ती म्हणाली. "त्याशिवाय का मी मामाचं सांगणं विसरले?"

बाबा फाटकातच उभे होते. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, गुडघ्यावर हात टेकून खाली वाकून पाहिलं. थेंबसुद्धा नव्हता.

"गिअरबॉक्स?"

"ठणठणीत."

बाबांनी मोठा सुस्कारा सोडला. गाडी जावी असं खरं तर त्यांनाही वाटत नव्हतं, हे तिला तेव्हा समजलं. "बरं. उद्याच्या माणसाला सांगतो, द्यायची नाही म्हणून." मग त्यांचं लक्ष पलीकडच्या दारातून उतरलेल्या, कोपरापर्यंत काळ्या झालेल्या माणसाकडे गेलं. "आणि हे कोण?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो पार घाबरला होता.

"यांनाही कुणाला द्यायचं नाहीये, बाबा," ती म्हणाली.